चाळकेवाडीच्या सरड्याचा निळा रंग आणि माझं चुकलेलं एडिटिंग

एकाच रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, संस्कार न केलेल्या मूळ फाइलमधून, मी दोन फोटो तयार केले. पहिला डिसेंबर २०२२ मध्ये एका छोट्या प्रदर्शनात लागला. बघणाऱ्यांना तो फार आवडला, दोघांनी तर प्रिंट विकत मागितली. दुसरा त्यानंतर दीड महिन्याने केला. दोन्हींत सरडा तोच, दगड तोच, क्षण तोच. फरक फक्त रंगाचा आहे, आणि त्या फरकामुळे पहिला फोटो खोटा ठरतो असं माझं आज ठाम मत आहे. का ठरतो, हे सांगायचं तर पठारापासून सुरुवात करायला हवी.

साताऱ्याहून सज्जनगडाकडे निघालेला रस्ता ठोसेघरवरून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. पावसाळ्यात या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, कारण सगळ्यांना ठोसेघरचा धबधबा बघायचा असतो. एप्रिल-मेमध्ये मात्र वर चिटपाखरू नसतं. वाळून पांढरं पडलेलं गवत, जांभ्याचे काळपट-तांबडे धोंडे, भणाणता वारा आणि त्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांचा एका लयीत येणारा आवाज. सातारकरांसाठी हे पवनचक्क्यांचंच पठार आहे. माझ्यासाठी ते गेल्या काही वर्षांपासून सरड्याचं पठार झालं आहे.

हा सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे. शेपूट सोडली तर बोटभर अंगाचा, मातकट, दगडावर बसला तर दगडच वाटावा असा हा प्राणी. पण विणीच्या हंगामात नर गळ्याखालची सैल कातडी पंख्यासारखी उघडतो आणि त्या पंख्यावर चकाकता निळा, दाट काळा आणि नारिंगी असे तीन रंग उमटतात. 'फॅन-थ्रोटेड लिझर्ड' या इंग्रजी नावातही त्याच्या गळ्याचा पंखाच आहे. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रंगीत पंख्याच्या सरड्यांची स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली, तेव्हा तिला नाव दिलं 'सरडा'. आपला साधा मराठी शब्द जसाच्या तसा शास्त्रीय नावात गेला. जर्डन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८७० मध्ये वर्णन केलेली दख्खनची जात या प्रजातीत आली, डार्विनच्या नावाची एक नवी जात आली, आणि चाळकेवाडीची झाली 'सरडा सुपर्बा'. सुपर्बा म्हणजे लॅटिनमध्ये दिमाखदार. या नावाचा मला मनापासून अभिमान वाटतो. या सरड्याचा फोटो नीट काढला पाहिजे ही ओढ मुळात त्या नावामुळे लागली.

२०२२चा एप्रिल

पहिल्या दिवशी मी साडेसहालाच पठारावर पोचलो. पक्ष्यांच्या फोटोग्राफीची सवय, त्यामुळे पहाटेचा प्रकाश सोडवत नाही. दीड तास एकही सरडा दिसला नाही. एका पवनचक्कीच्या राखणदाराने लांबून बघितलं आणि काठी टेकत जवळ आला.

"काय हुडकताय पाव्हणं?"

"सरडा बघतोय, मामा. गळ्याला निळं असतं तो."

"मग उन्हं चढूंद्या की. आत्ता गारव्याचं कशाला भाईर येतंय त्ये? धा वाजता बघा, धोंड्या-धोंड्यावर येक बसल्यालं आसतंय."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. सरड्याला अंग तापल्याशिवाय हालचाल जमत नाही. दगड तापले, आणि साडेनवाच्या पुढे एकेक नर उंच धोंडा पकडून बसायला लागला. माझी अडचण मात्र तिथूनच सुरू झाली. ज्या उन्हाने सरडा बाहेर येतो, त्याच उन्हाने जांभ्यावरची हवा थरथरायला लागते. जमिनीला पोट लावून, ४०० मिलिमीटर लेन्समधून दहा-बारा मीटरवरच्या सरड्याकडे बघितलं की तो पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. त्या सकाळचे पहिले सव्वाशे फोटो मी जागेवरच पुसून टाकले. हवेच्या थरथरीने मऊ झालेला फोटो कुठल्याही शार्पनिंगने सुधारत नाही, कारण तपशील मुळात सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. उपाय एकच, मधली हवा कमी करायची. म्हणजेच जवळ जायचं.

जवळ जायला पाऊण तास लागला. बीनबॅग पुढे सरकवायची, कोपरांवर वीतभर पुढे जायचं आणि थांबायचं. सरड्याने मान वळवली की थांबायचं, पंखा मिटला तरी थांबायचं. एक दगड वाटेत होता, तो मी हलवला नाही. या नरांची बैठक ठरलेली असते. त्याच दगडावरून तो शेजारच्या नराला धमकावतो आणि मादीला खुणावतो, त्यामुळे आपल्या चौकटीसाठी त्याची मांडणी बदलणं मला पटत नाही. शेवटी मी अडीच मीटरवर पोचलो. सरडा जागचा हलला नाही. हे माझ्या संयमाचं फळ आहे असं मला त्या क्षणी वाटलं, आणि पुढचे आठ महिने वाटत राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

अडीच मीटरवर ४०० मिलिमीटरला एफ/८ ठेवलं, तर माझ्या क्रॉप सेन्सरवर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते. सरडा समोर तोंड करून बसला तर डोळा स्पष्ट येतो आणि पंखा मऊ होतो. तो अगदी आडवा बसलेला असेल तरच डोळा आणि पंखा एका प्रतलात येतात. म्हणून वाट बघायची ती बाजू वळण्याची. त्यात पंखा उघडतो तो क्षणभर, झपझप दोन-चार वेळा, आणि पुन्हा मिटतो. १/२००० सेकंद, आयएसओ ४००, एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो मुद्दाम जरा अंधारा. १०:२० वाजता तो आडवा वळला, पुढचे पाय ताठ करून छाती उचलली आणि पंखा पूर्ण उघडला. मला नऊ फ्रेम मिळाल्या, त्यातली सहावी सर्वांत चांगली होती. पंख्याच्या कडेवरचा एकेक खवला त्यात मोजता येतो.

पहिलं एडिटिंग

घरी स्क्रीनवर फाइल उघडल्यावर थोडी निराशा झाली. निळा होता, पण मी मनात घेऊन आलो होतो तेवढा नव्हता. नारिंगीसुद्धा विटलेली वाटली. रॉ फाइल सुरुवातीला फिकी दिसते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी नेहमीच्या क्रमाने कामाला लागलो. तो क्रम इथे जसा घडला तसा देतो, कारण चूक एका पायरीत झाली नाही, ती पायरीपायरीने साचत गेली.

प्रोफाइल 'व्हिव्हिड', म्हणजे भडक रंगांचं, केलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती, ऑटोवर होता, तो तसाच ठेवला. वरच्या हवेत मे महिन्याआधीची धूळ होती म्हणून धुरकटपणा काढणारं डीहेज वीसपर्यंत नेलं. काळ्या भागातला तपशील दिसावा म्हणून शॅडोज चाळीसने उचलल्या. त्यामुळे काळा करडा झाला, आणि काळ्याला लागून असलेला निळा अंगावर येईनासा झाला. मग निळ्याचं सॅच्युरेशन (गडदपणा) पंचवीसने वाढवलं, त्याची ल्युमिनन्स (उजळपणा) पंधराने उतरवली, वरून व्हायब्रन्स तीस. नारिंगी मागे पडली म्हणून तीही वाढवली. एडिटिंगमधली एक पट्टी (स्लायडर) सरकवली की तिने बिघडवलेला तोल सांभाळायला दुसरी सरकवावी लागते, आणि प्रत्येक वेळी डोळ्याला नवीन रंगाची सवय होते. अर्ध्या तासाने मूळ फाइल बघितली तर ती आजारी वाटते. हा अनुभव एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाचा असेल.

ऑटो व्हाइट बॅलन्सबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण या प्रकरणातला सर्वांत लपलेला दोष तोच होता. माझ्या चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग जांभ्याने व्यापला होता. तांबूस-तपकिरी रंग एवढा पसरलेला दिसला की कॅमेरा तो प्रकाशाचा दोष समजतो आणि सगळं चित्र निळ्याकडे ढकलतो. दगड करडे होतात आणि निळा पंखा आणखी निळा होतो. म्हणजे मी एकही पट्टी हलवायच्या आधीच निळा वाढलेला होता, आणि तरी मला तो कमी वाटत होता.

प्रिंट मोठी काढली, तीन फूट रुंदीची. चित्र लांबून डोळ्यात भरायचं.

"सर, निळा वाढवलाय का?"

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणारी विद्यार्थिनी, हे नंतर कळलं. लांबून बघितलं, मग अगदी नाक लावून बघितलं.

"सर, निळा वाढवलाय का?"

"थोडासा. सगळेच वाढवतात गं."

"इथे बघा ना," तिने पंख्याच्या मधोमध बोट धरलं. "इथे खवले दिसत नाहीत. कडेला दिसतात, मध्ये सपाट रंग झालाय."

मी जवळ गेलो. तिचं बरोबर होतं. कडेवर खवल्यांच्या बारीक उजळ रेषा होत्या आणि मधला अंगठ्याएवढा भाग म्हणजे निळ्या ऑइलपेंटचा फटकारा. मी स्वतः शंभर टक्क्यांवर झूम करून शार्पनिंग केलं होतं, पण डोळ्यावर. पंखा मी त्या नजरेने बघितलाच नव्हता.

"आणि हा पवनचक्कीखालचा आहे का?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली, "मग मी एक पेपर पाठवते, वाचाल? त्या जागेवरचाच आहे."

त्या रात्री तो पेपर वाचला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा, २०१८च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आलेला. ठाकर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या. त्यांनी याच पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली होती. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. तिसा, घार यांसारखे शिकारी पक्षी त्या पात्यांच्या आसपास फारसे फिरकत नाहीत. वरून झडप घालणारे कमी झाले तेव्हा सरडे वाढले. खाणारी तोंडं वाढली, जागा तेवढीच, म्हणून तिथले सरडे अंगाने हडकुळे निघाले. त्यांच्या रक्तातलं ताण दाखवणारं संप्रेरक कमी भरलं, आणि माणूस जवळ आला तरी ते पळायला फार उशीर करत होते.

इथे मला अडीच मीटर आठवलं. माझं कोपरांवरचं सरपटणं, माझा पाऊण तासाचा संयम. त्याला काही अर्थ नव्हता असं नाही, पण तो सरडा बसून राहिला यामागे वीस वर्षं तिथे फिरणारी पाती होती. घारीची सावली पडेनाशी झाल्यामुळे त्याला पळायचं कारणच उरलं नव्हतं.

आणि पुढचं निरीक्षण थेट माझ्या फोटोबद्दल होतं. पवनचक्क्यांखालच्या नरांच्या पंख्याचे रंग मोजले तर त्यांचा क्रोमा, म्हणजे रंगाचा शुद्धपणा, कमी निघाला होता. भरपूर खाणं आणि निरोगी शरीर असेल तरच असा दिमाख परवडतो. दाटी झाली, चणचण झाली, की रंग उतरतो.

म्हणजे फाइल उघडल्यावर मला जो विटलेपणा जाणवला होता, तो कदाचित कॅमेऱ्याचा नव्हताच. 'कदाचित' हा शब्द इथे मी जाणूनबुजून वापरतो. एका सरड्याच्या एका फोटोवरून तो फिका होता की नव्हता हे सिद्ध होत नाही. संशोधकांनी पुष्कळ नर मोजले होते. पण मी काय केलं होतं हे मात्र सिद्ध होत होतं. त्या जागेवर जी एक गोष्ट बघण्यासारखी होती, जी फोटोत टिकायला हवी होती, तीच मी पट्ट्या सरकवून पुसली होती. पवनचक्कीखालचा सरडा मी पवनचक्क्या नसलेल्या जागेतल्या सरड्याच्या रंगात रंगवला होता.

दुसरं एडिटिंग

जानेवारी २०२३ मध्ये मी तीच सहावी फ्रेम पुन्हा शून्यापासून उघडली. या वेळी एक नियम ठरवला होता: रंगाला हात लावायच्या आधी लाल, हिरवा, निळा हा प्रत्येक चॅनेल वेगळा बघायचा.

हिस्टोग्रामचा साधा उजळपणाचा आलेख फसवतो. एकूण उजेड मध्यावर दिसत असताना एकटा निळा चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असू शकतो. माझ्या जुन्या एडिटमध्ये नेमकं तेच झालं होतं. पंख्याच्या मध्यभागी निळा २५५ वर, म्हणजे कमाल आकड्यावर गेलेला, लाल शून्यावर बसलेला. शेजारशेजारच्या शेकडो पिक्सेलना एकच आकडा मिळाला की खवला आणि खवल्यामधली खाच यांत फरक राहत नाही. ऑइलपेंटचा फटकारा तिथून आला होता. मूळ रॉमध्ये तो भाग शाबूत होता, दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवल्यामुळे वाचला होता. त्यातही चकाकता निळा रंग एसआरजीबीच्या, म्हणजे स्क्रीनसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ठरावीक रंगसंचाच्या, मर्यादेच्या अगदी काठावर असतो. थोडा जरी ताणला तरी बाहेर पडतो आणि बाहेर पडलेल्या सगळ्या छटा काठावर येऊन एक होतात. त्यामुळे काम रुंद कलर स्पेसमध्ये करायचं आणि एसआरजीबीत शेवटी, सॉफ्ट प्रूफ, म्हणजे रंग शेवटी कसे दिसतील याचा स्क्रीनवरचा नमुना, बघूनच उतरवायचं, हे मी त्या दिवसापासून पाळतो.

व्हिव्हिड प्रोफाइल काढलं आणि साधं, सपाट प्रोफाइल घेतलं. व्हाइट बॅलन्ससाठी त्या सकाळचा ग्रे कार्डाचा (रंग जुळवायच्या तटस्थ करड्या कार्डाचा) फोटो नव्हता, ही मोठी उणीव. पण त्याच दिवशी, त्याच तासात, उघड्या उन्हात माझ्या बॅगेचा फोटो निघाला होता आणि त्या बॅगेवर एक तटस्थ करडी पट्टी आहे. घरी ती पट्टी कार्डाशेजारी ठेवून तपासली, पुरेशी जुळली. तिच्यावरून आकडा घेतला तेव्हा जांभा पहिल्यांदा जांभ्यासारखा तांबडा झाला. निळा एक पायरी खाली आला आणि नारिंगी काहीही न करता वर आली. ऑटोच्या निळ्या ढकलीत ती दबली होती.

डीहेज पूर्ण काढलं. त्याने नुसती धूळ कमी होत नाही, रंगही ताणले जातात, आणि हे नाव वाचून लक्षात येत नाही. शॅडोज उचलल्याच नाहीत. काळा पट्टा काळा राहू दिला, आणि त्याबरोबर निळा आपोआप उठून दिसला. जो फरक मी पंचवीसच्या सॅच्युरेशनने विकत घेतला होता, तो काळ्याला हात न लावता फुकट मिळत होता. सॅच्युरेशन, व्हायब्रन्स शून्य. पार्श्वभूमीचं गवत जरा जास्त उजळ होतं, ते मास्क लावून अर्धा स्टॉप उतरवलं, इतकं मला चालतं. डोळ्यासमोरून गेलेली गवताची एक काडी पहिल्या वेळी क्लोन करून पुसली होती, ती या वेळी राहू दिली. शार्पनिंग फक्त डोळा, जबडा आणि पंख्याची कड यांवर.

एक मोह टाळला तो नंतरच्या एका फाइलवर, पण विषय हाच आहे म्हणून इथेच लिहितो. नॉइज काढायला आता एआयवर चालणारी साधनं आली आहेत आणि पक्ष्यांच्या पिसांवर ती कमाल करतात. ढगाळ दिवशी आयएसओ ६४००ला काढलेल्या एका सरड्यावर मी ते चालवलं. पाठीवर सुंदर, नियमित खवले उमटले. मग त्याच सरड्याच्या शेजारच्या फ्रेमवर चालवलं, तर खवल्यांची ओळ वेगळी आली. म्हणजे ते खवले सरड्याच्या अंगावरून आलेले नव्हते, साधनाने अंदाजाने भरलेले होते. सरड्यांची जात ओळखताना खवल्यांचा आकार, त्यांच्यावरचा कणा आणि त्यांची संख्या बघतात. उद्या कोणी माझ्या फोटोवरून खवले मोजायला घेतले तर? थोडा नॉइज दिसलेला परवडला.

नवा फोटो स्क्रीनवर तयार झाला तेव्हा तो शांत होता. पंख्यात पुन्हा खवले होते. निळ्याच्या आतही एक उतार दिसत होता, एका बाजूला किंचित हिरवट झाक, दुसरीकडे जांभळट. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. त्वचेतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो तेव्हा निळा दिसतो. कोन बदलला की छटा बदलते, आणि वळलेल्या कातडीवर प्रत्येक खवल्याचा कोन निराळा. पहिल्या प्रिंटमध्ये या सगळ्यावर एकच निळा सारवला गेला होता.

ज्या दोघांनी जुनी प्रिंट घेतली होती त्यांना मी नवीन प्रिंट पाठवली आणि कारण लिहून कळवलं. एकांनी बदलून घेतली. दुसऱ्यांना जुनीच आवडते असं त्यांनी सांगितलं, त्यांचा तो हक्क आहे.

२०२३चा मे

पुन्हा गेलो तेव्हा खिशात अठरा टक्क्यांचं ग्रे कार्ड आणि चोवीस रंगांची चेकर पट्टी होती. पद्धत अशी ठेवली: सरडा दगडावरून उठून गेला की त्याच दगडावर, त्याच उन्हात, त्याच कोनात पट्टी ठेवून एक फोटो. सरडा बसलेला असताना पट्टी न्यायची नाही. घरी त्या पट्टीवरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवायचं आणि त्या तासाच्या सगळ्या फ्रेमना तेच लावायचं. यामुळे माझा फोटो मोजमाप होत नाही हे मला कळतं. सरड्याला अतिनीलही दिसतं, माझ्या सेन्सरपुढच्या काचेत ते अडतं. त्यामुळे मादीला तो पंखा कसा दिसतो हे माझा कॅमेरा कधीच सांगू शकणार नाही. पण दोन दिवसांचे, दोन जागांचे फोटो शेजारी ठेवले तर फरक सरड्यांमधला असेल, माझ्या त्या संध्याकाळच्या मनःस्थितीतला नसेल, एवढी खात्री मिळते.

आणखी एक शिकलो. सूर्य सरड्याच्या मागे असेल तर पंख्याची पातळ कातडी आरपार उजळते आणि नारिंगी भाग पेटल्यासारखा दिसतो. अप्रतिम दृश्य असतं. तसे फोटो मी काढले आणि ठेवलेही, पण फाइलच्या नोंदीत 'उलटा प्रकाश' असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण ती नारिंगी परावर्तित झालेली नाही आणि तुलनेला चालणार नाही.

पवनचक्क्यांखाली दोन दिवसांत सात नरांचे चांगले फोटो मिळाले, सगळे तीन मीटरच्या आतून. राखणदार मामा भेटले, त्यांना गेल्या वर्षीच्या फ्रेमची छोटी प्रिंट दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरून निरखली आणि म्हणाले, "ह्यो हितलाच हाय. असंच दिसतंय."

तिसऱ्या दिवशी मी पाती नसलेल्या बाजूला गेलो. वर दोन घारी फिरत होत्या. सरडे कमी होते, दगड बहुतेक रिकामे. साडेदहाला एक नर दिसला, वीसेक मीटरवर. दुर्बिणीतून पंखा उघडलेला दिसला. मी पोटावर झोपलो, बीनबॅग पुढे सरकवली, आणि पहिल्याच वितीला तो दगडावरून नाहीसा झाला. तासाभराने दुसऱ्या दगडावर आला, मी पुन्हा सरकलो, तो पुन्हा गेला. बारा वाजेपर्यंत हेच चालू राहिलं. त्या जागेची माझ्याकडे एकच फ्रेम आहे. थरथरत्या हवेतून काढलेली, लांबचा दगड, त्यावर वाटाण्याएवढा निळा ठिपका. शार्प नाही. ती क्रॉप केलेली नाही. पवनचक्कीखालच्या सरड्याची प्रिंट आता जिथे लावली आहे, तिच्या शेजारी ही लावली आहे, त्याच आकारात.